गाडीच्या दरवाजातून आत येणारे पाणी: कारण शोधण्यापासून दुरुस्तीपर्यंत

पावसाळ्यातील पहिल्या एक-दोन जोरदार सरींनंतर पायाखालची मॅट ओली लागली, काचांवर आतून वाफ धरू लागली किंवा दार उघडताच कुबट वास आला, की बहुतेक नवखे मालक सिलिकॉनची नळी विकत आणतात आणि दरवाजाच्या कडेला जिथे फट दिसेल तिथे ती पिळून मोकळे होतात. हा उपाय क्वचितच टिकतो आणि पुष्कळदा गळती वाढवतो, कारण गाडीचा दरवाजा पाण्याचा थेंबही आत न घेणारी पेटी म्हणून बनवलेलाच नसतो. त्याच्या पोटात पाणी शिरणार हे गृहीत धरूनच त्याची रचना केलेली असते आणि शिरलेले पाणी खाली कसे उतरावे, कुठून बाहेर पडावे याची सोय कारखान्यातच केलेली असते. ती सोय नेमकी कुठे बिघडली आहे हे शोधणे, एवढेच आपले काम असते. ते थोडे वेळखाऊ आहे. परंतु अवघड नाही आणि त्याला लागणारे साहित्यही फारसे महाग नाही.

दरवाजाच्या आत काय असते

काच खाली करताना ती दरवाजाच्या ज्या फटीत जाते, त्या फटीच्या बाहेरच्या कडेला एक रबरी पट्टी बसवलेली असते. काच खाली-वर होताना ही पट्टी तिच्यावरचे पाणी निपटते, पण पाऊस पडत असताना काचेवरून ओघळणारे सगळे पाणी ती अडवू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक पावसात थोडेफार पाणी दरवाजाच्या पोकळीत उतरतेच. तेथील काच उचलणारी यंत्रणा, तिची मोटर आणि लॉक हे सर्व भाग हे लक्षात घेऊनच बनवलेले असतात. पोकळीत उतरलेले पाणी तळाशी जमते आणि दरवाजाच्या खालच्या कडेला ठेवलेल्या निचऱ्याच्या छिद्रांतून रस्त्यावर गळून जाते.

पोकळीच्या आतल्या बाजूच्या पत्र्याला मोठमोठी भोके असतात, कारण काचेची यंत्रणा आणि लॉक त्या भोकांतूनच बसवावे लागतात. ही भोके झाकण्यासाठी पत्र्यावर प्लास्टिकची किंवा पातळ फोमची एक शीट चिकटवलेली असते आणि तिच्यावर आपल्याला दिसणारे डोअर पॅड बसवलेले असते. शीट चिकटवण्यासाठी जो काळा, कधीही पूर्ण न सुकणारा चिकट पदार्थ वापरतात, तो म्हणजे ब्यूटाइल. शेवटचा भाग म्हणजे दरवाजाच्या चौकटीभोवती फिरणारे रबर, ज्याला सगळीकडे बीडिंग म्हणतात.

बाहेरून थेट येणारे पाणी बीडिंग अडवते आणि दरवाजाच्या पोटात गेलेले पाणी शीट अडवते, हा भेद नीट लक्षात ठेवावा. डोअर पॅडची खालची कड बीडिंगच्या आतल्या बाजूला येते. त्यामुळे शीट सुटलेली असेल तर पाणी पॅडच्या मागून झिरपते आणि बीडिंगला वळसा घालून उंबरठ्यावर आतल्या बाजूला ठिबकते. अशा वेळी बीडिंग कितीही नवे आणि महागडे घातले तरी गळती थांबत नाही. नवे बीडिंग घालूनही पाणी येतच राहिल्याची तक्रार ऐकू येते, तेव्हा बहुधा शीटकडे कोणी पाहिलेलेच नसते.

आधी पाणी कोणते आहे ते ठरवावे

मॅट ओली आहे म्हणजे दरवाजाच गळतो आहे असे नाही. पुढे डाव्या बाजूच्या प्रवाशाच्या पायाशी, तेही पाऊस नसताना आणि एसी लावून केलेल्या प्रवासानंतर पाणी दिसत असेल, तर एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असण्याची शक्यता फार मोठी असते. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकणे ही चांगली खूण आहे. दमट हवेतही ते अजिबात ठिबकत नसेल तर नळी तपासावी. ओलावा बोटांना किंचित तेलकट लागत असेल, त्याला गोडसर वास असेल आणि काचेवर आतून चिकट थर बसत असेल, तर ते इंजिनचे कूलंट असते. अशी गाडी न चालवता मेकॅनिकला दाखवावी.

छतावरचे कापड डागाळले असेल तर दरवाजाच्या मागे लागू नये. सनरूफ असलेल्या गाड्यांत त्याच्या कोपऱ्यांतून खाली जाणाऱ्या निचऱ्याच्या नळ्या, तसेच छतावरील अँटेनाचे बूड हे पाहावे. पेडलच्या वरचा, इंजिनच्या बाजूचा गालिचा ओला असेल तर वायपरखालच्या जाळीतला कचरा काढावा. झाडाखाली उभ्या असलेल्या गाड्यांत, विशेषतः गुलमोहराखाली, त्याची बारीक पाने या जाळीतून आत जाऊन निचऱ्याची तोंडे घट्ट बंद करतात. हे सगळे वगळल्यानंतरच दरवाजाकडे वळावे. दरवाजाच्या गळतीची स्वतःची खूण अशी, की उंबरठ्यावरची प्लास्टिकची पट्टी उचलली की तिच्याखाली ओल सापडते आणि गालिच्याची दरवाजालगतची कड मधल्या भागापेक्षा जास्त ओली असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गाडीच्या आत आलेले पाणी उताराकडे धावते. चढावर नाक वर करून उभ्या केलेल्या गाडीत पुढच्या दरवाजातून आलेले पाणी मागच्या सीटच्या पायाशी साचते. म्हणून पाणी जिथे साचले तिथला नव्हे, तर पाण्याचा माग काढून सापडेल तो दरवाजा दोषी समजावा.

गळतीची जागा शोधणे

या कामाला दुसरा माणूस सोबत असावा. आधी गाडीची आतील बाजू शक्य तेवढी कोरडी करावी, मॅट काढून ठेवाव्यात, उंबरठ्यावरची पट्टी उचकटून घ्यावी आणि त्या जागी वर्तमानपत्राचे कागद पसरावेत. कागदावर पाण्याचा पहिला थेंब कुठे पडला ते लगेच दिसते. गालिच्यावर ते दिसत नाही.

एकाने टॉर्च घेऊन आत बसावे व दुसऱ्याने बाहेरून साध्या नळीने पाणी सोडावे. वॉशिंग सेंटरमधली जोराची फवारणी येथे वापरू नये, कारण तो दाब जवळून मारला तर चांगल्या बीडिंगमधूनही पाणी आत ढकलले जाते आणि तपासणी फसते. पाणी नेहमी खालून वर न्यावे. प्रथम दरवाजाच्या खालच्या अर्ध्या पत्र्यावर चार-पाच मिनिटे, मग मागच्या व पुढच्या उभ्या कडांवर, मग काचेच्या मुळाशी आणि सर्वांत शेवटी छताच्या कडेवर पाणी सोडावे. आरंभीच छतावर पाणी ओतले तर ते सगळीकडून खाली येते आणि कोणत्या पातळीला गळती सुरू झाली हे कळत नाही.

केवळ काचेच्या मुळाशी पाणी सोडल्यावर आत थेंब दिसू लागले, तर शीट सुटली आहे किंवा छिद्रे तुंबली आहेत असे समजावे. उभ्या कडेवर पाणी सोडताच थेंब आला तर बीडिंग किंवा दरवाजाची बसण तपासावी. छताच्या कडेवर पाणी सोडल्यावर वरच्या कोपऱ्यातून ओघळ आला तर त्या कोपऱ्यातले बीडिंग जवळून पाहावे. शीटमधून येणारे पाणी पोकळीतून फिरून येत असल्यामुळे ते उशिरा दिसते, तर बीडिंगमधून येणारे पाणी जवळजवळ लगेच दिसते. या वेळेच्या फरकावरूनही पुष्कळ काही कळते.

पहिले काम: निचऱ्याची छिद्रे

सर्वांत सोपे काम आधी करावे. दरवाजा पूर्ण उघडून खाली वाकावे आणि त्याच्या तळाच्या कडेवरून बोट फिरवावे. बहुतेक दरवाजांना दोन किंवा तीन लांबट फटी किंवा छिद्रे असतात. काही गाड्यांत त्यांवर लहान रबरी झडपा असतात. या छिद्रांत चिखल, वाळलेली पाने आणि रस्त्यावरची धूळ यांचा घट्ट लगदा बसतो. दरवाजा उघडता-मिटताना आतून पाणी हिंदकळल्याचा आवाज येत असेल तर छिद्रे तुंबली आहेत, यात शंका नको.

छिद्र मोकळे करण्यासाठी केबल टाय किंवा प्लास्टिकची काडी वापरावी. तार किंवा स्क्रू ड्रायव्हर खुपसल्यास आतला रंग खरवडला जातो आणि नेमक्या त्याच जागी पाणी थांबत असल्यामुळे गंज धरतो. लगदा निघाल्यावर काच पूर्ण वर करून तिच्या बाहेरच्या बाजूने मगभर पाणी हळूहळू ओतावे. ते सर्व छिद्रांतून मोकळेपणे बाहेर पडले पाहिजे. गाडीला खालून गंजरोधक लेप मारून घेतला असेल तर ही तपासणी टाळूच नये. घाईने मारलेल्या लेपाने छिद्रेच बुजवल्याची उदाहरणे पुष्कळ असतात, आणि बिल देणाऱ्या मालकाला ते पहिल्या पावसापर्यंत कळत नाही. हीच छिद्रे काही जण आपण होऊन सिलिकॉनने बंद करतात. तसे केल्यास दरवाजाची टाकी होते, आतले पाणी शीटच्या खालच्या कडेपर्यंत चढते आणि तळाचा पत्रा आतून सडतो.

बीडिंगची तपासणी

बीडिंग हे पोकळ, स्पंजासारख्या काळ्या रबराचे असते. दरवाजा बंद झाला की ते चेपले जाते आणि उघडला की पुन्हा फुगते. काही वर्षांनी उन्हामुळे ते ताठरते आणि चेपलेलेच राहते. विशेषतः बसता-उठता ज्या भागावर पाय घासतो, पिशवी आपटते किंवा सीट बेल्टची कडी दरवाजात अडकते, त्या भागाला चिरा पडतात. म्हणून प्रथम संपूर्ण बीडिंगवरून बोटांच्या चिमटीने हात फिरवावा आणि ते कुठे सपाट झाले आहे, कुठे फाटले आहे, कुठे पत्र्याच्या कडेवरून निसटले आहे हे पाहावे.

डोळ्यांना काही दिसले नाही तर दोन चाचण्या कराव्यात. वर्तमानपत्राची दोन बोटे रुंदीची पट्टी दरवाजाच्या कडेत धरून दरवाजा बंद करावा आणि पट्टी ओढावी. ती अडखळत, ताण देत बाहेर आली पाहिजे; सहज निसटली तर त्या जागी बीडिंग दाबले जात नाही. असे हातभर अंतरावर सगळीकडे करून पाहावे. दुसरी चाचणी टाल्कम पावडरची. बीडिंगवर पातळ पावडर लावून दरवाजा एकदा बंद करावा व उघडावा. समोरच्या पत्र्यावर पावडरीची रेघ उमटते. ती जिथे तुटलेली दिसते तिथे फट आहे.

बीडिंग केवळ निसटलेले असेल तर नवे घेण्याची गरज नाही. चौकटीवरचे बीडिंग बहुतेक गाड्यांत पत्र्याच्या उभ्या कडेवर आतल्या खाचेने घट्ट बसते. ते बाहेर काढून खाच आणि पत्रा दोन्ही पुसावेत, खाचेच्या बाजू सैल झाल्या असतील तर त्या पकडीने हलक्या हाताने किंचित आवळाव्यात आणि बीडिंग वरच्या कोपऱ्यांपासून सुरुवात करून तळव्याने ठोकत खाली आणावे. बसवताना ते ताणू नये. ताणून बसवलेले बीडिंग काही दिवसांत आक्रसते आणि नेमके कोपऱ्यांतून उचलले जाते. शोरूमबाहेरच्या दुकानांत लॅमिनेशन (गालिच्यावर चढवायचे जलरोधक आवरण) किंवा जाड सेव्हन-डी मॅट बसवताना उंबरठ्याच्या पट्ट्या आणि बीडिंग उचकटावे लागते. नव्या गाडीत पाणी येत असेल तर त्या कामानंतर बीडिंग नीट दाबले गेले आहे ना, लॅमिनेशनची कड त्याच्याखाली अडकली नाही ना, हे आधी पाहावे.

बीडिंग चेपून गेले असेल तर बदलणेच योग्य. त्याच गाडीचे मूळ बीडिंग घ्यावे. मीटरवर मिळणारे सरसकट बीडिंग स्वस्त पडते, पण त्याची जाडी वेगळी असल्यामुळे कधी दरवाजा आपटल्याशिवाय लागत नाही, तर कधी कोपऱ्यात फट राहते. ऐन पावसात मूळ बीडिंग मिळेपर्यंतची सोय म्हणून चेपलेल्या भागाच्या पोकळीत मऊ, बारीक रबरी नळी सरकवून त्याला फुगवटा देता येतो. मात्र ही तात्पुरती सोय आहे हे विसरू नये.

चांगल्या बीडिंगला वर्षातून दोनदा ओल्या फडक्याने पुसून सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. इंजिन ऑइल, पेट्रोलियम जेली किंवा गंज सोडवणारे फवारे लावू नयेत. बीडिंग बहुधा ईपीडीएम नावाच्या रबराचे असते आणि खनिज तेलाने ते फुगून मऊ पडते.

शीटची दुरुस्ती

दरवाजाच्या गळतीत सर्वाधिक दोष शीटचाच निघतो, आणि तोही बहुधा पूर्वी कोणीतरी पॅड उघडलेले असते तेव्हा. नवे स्पीकर बसवणे, काचेची मोटर बदलणे, लॉक दुरुस्त करणे, डेंटिंग करणे या प्रत्येक कामात शीट सोडवावी लागते. ती पुन्हा नीट चिकटवण्याला दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतात आणि वरून पॅड बसल्यावर काही दिसत नसल्यामुळे ती मिनिटे वाचवली जातात. कोठे शीट अर्धी लोंबकळते, कोठे स्पीकरसाठी तिला ताटलीएवढे भोक पाडलेले असते, तर कोठे ती काढून टाकलेली असते.

काम कोरड्या दिवशी आणि शक्यतो सावलीत करावे. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी आणि काही मिनिटे थांबावे. काही गाड्यांत बाजूच्या धडकेचा अंदाज घेणारा दाबाचा सेन्सर दरवाजाच्या पोकळीतच असतो. तेथे गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत पाहिल्याशिवाय हात घालू नये, आणि खात्री नसेल तर हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे द्यावे. अशा गाड्यांत पोकळी नीट बंद असणे हे सेन्सरच्या कामासाठीही आवश्यक असते, म्हणजे शीट हा केवळ पावसाचा प्रश्न उरत नाही.

डोअर पॅडचे स्क्रू सहसा तीन जागी लपलेले असतात: आतल्या हँडलच्या मागे, हात टेकवण्याच्या जागेच्या खोबणीत आणि खालच्या कप्प्याजवळ. त्यांवर लहान टोप्या असतात, त्या प्लास्टिकच्या पातळ पातीने उचलाव्यात. स्क्रू काढल्यावर पॅडच्या खालच्या कडेत प्लास्टिकची पात घालून एकेक क्लिप सोडवावी आणि शेवटी पॅड वर उचलून काढावे. ते झटक्याने ओढू नये, कारण मागे काचेच्या बटणांच्या वायरी आणि हँडलची केबल जोडलेली असते. क्लिप तुटतात, म्हणून आधीच पाच-सहा जादा आणून ठेवाव्यात. काही क्लिपांच्या मुळाशी फोमची किंवा रबराची लहान चकती असते. ती क्लिपच्या भोकातून येणारे पाणी अडवते, तेव्हा ती हरवली तर क्लिपही बदलावी.

आता शीट पुढ्यात येते. तिच्या कडेने धुळीचे तपकिरी ओघळ दिसतील तिथून पाणी येत होते. सुटलेली कड उचलून आत टॉर्च मारावी आणि पोकळीत काच, केबल, वायरी कुठे आहेत ते पाहून ठेवावे. ब्यूटाइल जुने असले तरी फणसाच्या चिकासारखे हाताला, कपड्यांना आणि एकमेकांना चिकटते. म्हणून जुने हातमोजे घालावेत आणि शीट आणखी सोडवायची झाल्यास ओढून न काढता ब्यूटाइलचा धागा धारदार पातीने कापत जावे. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या गाडीत हे ब्यूटाइल मऊ असते आणि नुसते दाबूनही पुन्हा पकड घेते. पावसाळ्यात ते ताठ असते, तेव्हा हेअर ड्रायरने कोमट करावे.

ब्यूटाइल स्वच्छ असेल तर तेच पुन्हा दाबता येते. त्यावर धूळ बसली असेल तर ते काढून टाकावे, पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि ब्यूटाइलची नवी टेप लावावी. टेप पूर्ण कडेने सलग फिरली पाहिजे, विशेषतः खालच्या आणि दोन्ही उभ्या बाजूंना. दोन तुकडे जोडायचे असतील तर जोड वरच्या बाजूला ठेवावा आणि टोके एकमेकांवर बोटभर चढवावीत. मग शीट मधून बाहेर दाबत बसवावी आणि कडेवरून कापडाच्या बोळ्याने जोर देऊन फिरवावे.

येथे एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. अनेक गाड्यांत शीटची खालची कड पत्र्यावर चिकटवायची नसते, तर पत्र्यातल्या आडव्या फटीतून दरवाजाच्या आत सोडायची असते. शीटच्या मागच्या अंगावरून ओघळणारे पाणी त्यामुळे पोकळीतच पडते. ही कड पॅडच्या बाजूला बाहेर राहिली, तर बाकी सगळे उत्तम चिकटवूनही शीट पाणी थेट उंबरठ्यावर आणून सोडते. मागच्या किंवा पलीकडच्या दरवाजाची शीट कोणी उघडलेली नसेल, तर तिच्याकडे पाहून मूळ मांडणी समजून घेता येते.

शीट फाटलेली असेल तर लहान चीर ब्यूटाइल टेपने किंवा जलरोधक चिकटपट्टीने दोन्ही बाजूंनी बंद करता येते. मोठे भोक असेल तर नवी शीट मागवावी. ती मिळत नसेल तर जाड पॉलिथीनमधून जुनी शीट साचा म्हणून ठेवून तशीच कापून घ्यावी. स्वयंपाकघरातील पातळ पिशवी उपयोगाची नाही. ती वाऱ्याच्या दाबाने फडफडते आणि महिन्याभरात सुटते. नंतर बसवून घेतलेल्या स्पीकरच्या कड्याखाली फोमची गॅस्केट असावी. वायरी शीटमधून बाहेर येतात त्या जागी त्यांभोवती ब्यूटाइल दाबावे आणि पोकळीच्या बाजूला वायरीला थोडा झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून येणारा थेंब झोलाच्या तळाशी गळून पडतो.

सिलिकॉन येथे का नको, हेही सांगायला हवे. आंबट वास येणारे सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि रंग उडालेल्या पत्र्याला गंज धरवते. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी पुढे ब्यूटाइलही धरत नाही, त्यामुळे पुढच्या दुरुस्तीत तासभर खरवडण्यात जातो.

पॅड बसवण्यापूर्वी वायरी तात्पुरत्या जोडून, बॅटरी लावून, काच वर-खाली होते का, शीट कुठे अडकते का हे पाहावे आणि मग काचेवर बाहेरून पाणी ओतावे. शीटच्या खालची कड कोरडी राहिली आणि पाणी तळाच्या छिद्रांतून गेले, की पॅड लावायला हरकत नाही.

दरवाजाची बसण आणि काचेच्या पट्ट्या

अपघातानंतर डेंटिंग झालेल्या किंवा बिजागऱ्या झिजलेल्या गाडीत दरवाजाच तिरका बसतो. उघडा दरवाजा मागच्या टोकाला धरून वर उचलल्यास खडखडला, तर बिजागरी ढिली आहे. बंद दरवाजाची फट वर व खाली सारखी नसेल, तर चौकटीवरची लॉकची कडी किंचित सरकवून तो आत घेता येतो. पण कडीची मूळ जागा मार्करने आखून ठेवल्याशिवाय तिचे स्क्रू ढिले करू नयेत. बिजागरीचे काम घरी करू नये.

काचेच्या मुळाशी असलेली बाहेरची पट्टी कडक होऊन आक्रसली असेल तर बदलावी, म्हणजे पोकळीत कमी पाणी जाईल. काचेवरचे व्हायझर पाऊस चालू असताना काच किंचित उघडी ठेवण्यापुरते उपयोगी आहेत. गळतीवर त्यांचा इलाज नाही.

आतला ओलावा काढणे

गळती थांबली तरी काम अर्धेच झालेले असते. गालिच्याच्या खाली फोमचा किंवा दाबलेल्या चिंध्यांचा जाड थर असतो. वरून हात लावला तर गालिचा कोरडा वाटतो आणि हा थर मात्र पाण्याने भरलेला असतो. वर लॅमिनेशन बसवलेले असेल तर वाफेला बाहेर पडायला वाटच उरत नाही आणि खालचा पत्रा महिनोन्महिने ओला राहतो. म्हणून उंबरठ्याच्या पट्ट्या काढून गालिच्याची कड उचलावी, आत हात घालून थर पिळून पाहावा आणि गालिच्याखाली लाकडी ठोकळा सरकवून तो उचललेला ठेवावा.

पाणी आधी ओले-कोरडे दोन्ही ओढणाऱ्या व्हॅक्यूमने किंवा जुन्या पंचांनी काढावे, नंतर टेबल फॅन लावावा. पावसाळ्यातील दमट हवेत नुसती दारे उघडी ठेवून फारसे काही होत नाही. गाडी मोकळ्या जागेत चालू ठेवून, एसी लावून तापमान मात्र गरम बाजूला फिरवल्यास आतील हवा कोरडी होते. हा प्रयोग बंद गॅरेजमध्ये कधीही करू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेतते. सीट काढायची झाल्यास तिच्याखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असू शकतात. ते बॅटरी सोडल्याशिवाय काढू नयेत आणि ते निघालेले असताना किल्ली फिरवू नये. सीटखालच्या कनेक्टरवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली, तर तेथे तांब्याला गंज चढू लागला आहे; ते काम वायरमनकडून करून घ्यावे.

सुगंधी डबी टांगल्याने कुबट वास जात नाही, दबतो. थर पूर्ण वाळल्यावर गालिच्यावर खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी व्हॅक्यूम करावा. तरीही वास राहिला तर तो थर बदलणे शहाणपणाचे ठरते.

साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल तर

वर सांगितलेली सगळी रचना वरून पडणाऱ्या पावसासाठी आहे. दरवाजाच्या खालच्या कडेच्या वर पाणी साचले, तर निचऱ्याच्या छिद्रांतूनच ते उलट आत येते आणि उत्तम बीडिंगही ते फार वेळ रोखू शकत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा रस्त्यांवर अडकलेल्या असंख्य गाड्यांचे असेच झाले. अशा गाडीचे इंजिन सुरू करून पाहू नये, कारण सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडावी, पाण्याची पातळी दाखवणारी छायाचित्रे घ्यावीत आणि विमा कंपनीला कळवून गाडी टो करून न्यावी. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान येते, केवळ थर्ड पार्टी पॉलिसीत येत नाही. इंजिनच्या अंतर्भागाचे नुकसान मिळण्यासाठी बहुधा वेगळे जादा संरक्षण घ्यावे लागते. झिजलेल्या बीडिंगमधून झालेली गळती मात्र सामान्य झीज समजली जाते आणि तिचा दावा करण्यात अर्थ नसतो.

गॅरेजमध्ये काम देताना

स्वतः पॅड उघडण्याची तयारी नसेल तर तपासणीपर्यंतचे काम तरी स्वतः करावे आणि कोणत्या दरवाजाच्या कोणत्या जागी पाणी सोडल्यावर गळती दिसली, हे कामाच्या कागदावर लिहून घ्यावे. नुसते ‘पाणी येते’ असे सांगितले तर बीडिंग बदलून गाडी परत मिळण्याचीच शक्यता जास्त. गाडी वॉरंटीत असेल तर पाणी येतानाचे चित्रीकरण करून ठेवावे. सर्व्हिस सेंटरला गाडी पोहोचते तेव्हा नेमका पाऊस थांबलेला असतो. शीट चिकटवल्यावर, पॅड लावण्याआधी आपल्याला बोलवावे अशी अट आधीच सांगून ठेवावी, तिथे उभे राहून खालची कड आत गेली आहे का ते बघावे आणि नळीने पाणी मारून दाखवल्याशिवाय बिल भरू नये.